हॅलोविनची संध्याकाळ: काळजी कँडीची कमी, रस्त्याची जास्त

प्रिय ताई,

आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून न्यू जर्सीत, एडिसनला आलो. मागच्या हॅलोविनला, ३१ ऑक्टोबरला, दिवे मालवून घरातच बसलो, कारण काय करायचं असतं तेच कळत नव्हतं. यंदा मुलगा (वय ९) आणि मुलगी (साडेपाच) दोघंही हटून बसलेत. मुलाला काळ्या कपड्यांतला निन्जा व्हायचंय आणि मित्रांबरोबर, आमच्याशिवाय फिरायचंय. मुलीला पायघोळ झगा घालून राजकन्या व्हायचंय. तिला काजू-पिस्त्याची अ‍ॅलर्जी आहे. ह्यांचं म्हणणं, लोकांच्या दारात जाऊन खाऊ मागणं म्हणजे भीक मागण्यासारखंच. त्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर रोज मेसेज येताहेत, कँडीत ब्लेड घालतात, ड्रग्ज घालतात. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. त्या म्हणतात, 'मी जाते पोरांबरोबर, तुम्ही दोघं दारात उभं राहून कँडी वाटा.' मुलांना पाठवू की नको? पाठवलं तर काय काळजी घेऊ?

एडिसनहून एक आई

प्रिय मैत्रिणी,

पाठवा. अगदी मोकळ्या मनाने पाठवा. मात्र सासूबाईंचा बेत थोडा बदलावा लागेल, आणि तुमची जी काळजी सध्या कँडीच्या पिशवीभोवती घोटाळते आहे, ती उचलून रस्त्यावर न्यावी लागेल. त्या संध्याकाळी मुलांना खरा धोका गाडीचा असतो.

हे मी अंदाजाने सांगत नाही. अमेरिकेतल्या रस्ते अपघातांची १९७५ ते २०१६ अशी ४२ वर्षांची नोंद काही डॉक्टर-संशोधकांनी तपासली. प्रत्येक हॅलोविनची संध्याकाळ त्यांनी आठवडाभर आधीच्या आणि आठवडाभर नंतरच्या संध्याकाळीशी ताडून पाहिली. पायी चालणाऱ्यांचे मृत्यू हॅलोविनला ४३ टक्क्यांनी जास्त निघाले. ४ ते ८ वर्षांच्या मुलांमध्ये तर हा धोका दहापट होता. तुमची लेक नेमकी याच वयात आहे. आणि सगळ्यात वाईट वेळ होती संध्याकाळी सहाच्या सुमाराची.

घाबरून पुन्हा दिवे मालवू नका. एवढ्या मोठ्या देशात हे जादाचे मृत्यू दर हॅलोविनला सरासरी चार भरतात, आणि लाखो मुलं त्या संध्याकाळी हसत-खेळत घरी परततात. पण हे चार मृत्यू टाळता येण्यासारखे असतात, आणि टाळायचे कसे ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून मी रस्त्याबद्दलच सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

सहाच का, ते आधी बघा. ३१ ऑक्टोबरला इकडे घड्याळं हिवाळ्यासाठी अजून तासभर मागे गेलेली नसतात, ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातात. एडिसनला सूर्य मावळतो पावणेसहा ते सहाच्या दरम्यान. म्हणजे ऑफिसातून परतणाऱ्या गाड्यांची गर्दी, डोळ्यांवर येणारी मावळतीची तिरीप किंवा नुकताच पडलेला अंधार, आणि साखरेच्या ओढीने पळणारी पोरं, हे सगळं एकाच तासात एकत्र येतं. म्हणून माझा पहिला सल्ला वेळेचा. साडेचारला घराबाहेर पडा. लहान मुलं असलेल्या वस्त्यांमध्ये त्या वेळेला लोक दार उघडून बसलेले असतात. धाकटीला सहाच्या आत घरी आणा, मोठ्याला हवं तर आणखी तासभर फिरू द्या. काही टाउनशिप (म्हणजे इथल्या नगरपालिका) ट्रिक-ऑर-ट्रीटच्या, म्हणजे मुलांनी घरोघरी खाऊ मागत फिरण्याच्या, वेळा ठरवून देतात, तुमच्याकडे तसं काही आहे का ते आठवडाभर आधी बघून ठेवा.

आता सासूबाईंबद्दल. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण मुलांबरोबर त्यांनी एकटीने जाऊ नये, आणि याचं कारण त्यांचं वय नाही. सांगलीच्या रस्त्यावर उभी जिंदगी गेलेल्या माणसाची मान रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे वळते, कारण आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडून येते. इथे पहिली गाडी डावीकडून येते. ही सवय मेंदूत नसते, मानेत असते. सांगून दोन महिन्यांत जात नाही. दुसरी सवय हाताची. आपण हात दाखवतो आणि गाडी हळू होते, हा आपल्याकडचा रोजचा अनुभव. इथे न्यू जर्सीत रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर माणूस असेल तर गाडीने थांबायलाच हवं असा कायदा आहे, आणि दिवसा बहुतेक जण थांबतातही. पण पट्टे नसलेल्या जागी, अंधारात, ताशी तीस-पस्तीस मैलांनी येणाऱ्या गाडीपुढे दाखवलेला हात चालकाला दिसतच नाही. पाच वर्षांची मुलगी बोटाला धरलेली असताना या दोन सवयींची परीक्षा नको.

आधीच्या शनिवारी-रविवारी सासूबाईंसकट सगळ्यांनी संध्याकाळी एकदा तो रस्ता चालून बघा. कुठल्या गल्लीत साइडवॉक (फुटपाथ) मध्येच संपतो, कुठल्या कोपऱ्यावर झुडूप इतकं वाढलंय की लहान मूल त्याच्याआड दिसत नाही, कुठे दिवा नाही, हे नकाशावर कळत नाही, पायी चालल्यावर कळतं. साइडवॉक नसेल तिथे रस्त्याच्या डाव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसत राहील.

मग एक नियम करा आणि तो मोडायचा नाही: एका बाजूची सगळी घरं आधी संपवायची, मग कोपऱ्यावर जाऊन ओलांडायचं, मग दुसरी बाजू. मुलं अपघातात सापडतात ती बहुधा नागमोडी फिरताना. या घराचा दिवा लागलेला, समोरच्या घरात धुराचं यंत्र आणि मोठा सांगाडा दिसला, की मूल दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून सरळ धावतं. चालकाला ते दिसतं तेव्हा ब्रेक लागायला अंतर उरलेलं नसतं.

कोपऱ्यावरही गाफील राहू नका. लाल दिव्याला उजवीकडे वळायची मुभा इथे बऱ्याच ठिकाणी असते. असं वळणारा चालक डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो आणि तुम्ही असता त्याच्या उजव्या हाताला. तो तुमच्याकडे बघतच नाही. म्हणून दिवा हिरवा असला, माणसाचं चित्र उजळलं, तरी त्याची आपली नजरानजर होईपर्यंत फुटपाथवरून पाय खाली टाकायचा नाही. साडेपाच वर्षांच्या मुलीला 'गाडी बघ' म्हणून कळणार नाही, 'ड्रायव्हरकाकांचे डोळे दिसले का?' म्हणून विचारा, लगेच कळेल.

आणि ड्राइव्हवे. सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे असतं आणि गाडी येते घराच्या बाजूने, मागे मागे, पांढरे दिवे लावून. उंच एसयूव्हीच्या मागे असलेलं लहान मूल आरशात दिसत नाही. मागचे पांढरे दिवे लागलेले दिसले की जागच्या जागी थांबायचं, हे दोन्ही मुलांकडून त्या सरावाच्या दिवशी करून घ्या. शिवाय त्या संध्याकाळी काही आईबाप मुलांच्या मागोमाग गाडी सरपटवत नेतात, थांबतात, मुलं उतरवतात, पुन्हा निघतात. अशा थांबलेल्या गाडीच्या पुढून कधीही जायचं नाही. बरोबरच्या मोठ्या माणसाचा फोन खिशात राहू द्या. फोटो घराच्या पायरीवर काढा, निघण्यापूर्वी, हवे तेवढे.

मुलाला मित्रांबरोबर जायचंय, आईबाप नकोत. नऊ वर्षांच्या मुलाने हे मागणं अगदी स्वाभाविक आहे आणि मला ते आवडलंही. पण इथले बालसुरक्षेचं काम करणारे लोक बारा वर्षांच्या आतल्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय पाठवू नका असंच सांगतात, आणि मला ते पटतं. या वयाच्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ अजून नीट घालता येत नाही, मग तो शाळेत कितीही हुशार असो. मधला मार्ग असा: चार मित्रांमागे एक बाप, दहा पावलं अंतर ठेवून. वाट मुलांनी ठरवायची, दारावरची बेल त्यांनी वाजवायची, बोलायचं त्यांनी. बापाने तोंड उघडायचं ते फक्त रस्ता ओलांडताना. एक गोष्ट मात्र करू नका. बहिणीचा हात त्याच्याकडे सोपवून 'तू मोठा आहेस, तिच्याकडे लक्ष दे' म्हणू नका. नऊ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हे ओझं टाकणं बरं नव्हे. आपल्या घरांतून ते सर्रास टाकलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. धाकटीबरोबर तुम्ही स्वतः चाला.

निन्जाचा पोशाख काळाच असणार, तो बदलायला लावून त्याचा हिरमोड करू नका. हार्डवेअरच्या किंवा सायकलच्या दुकानात रिफ्लेक्टिव्ह टेप मिळते. ती पाठीवर, दोन्ही बाह्यांवर, घोट्याजवळ आणि कँडीच्या पिशवीवर लावा. चालणाऱ्या पायांवरची टेप हलते, त्यामुळे चालकाला ते माणूस आहे हे लवकर उमगतं. आता एक गोष्ट जी पहिल्या वर्षी कुणाच्याच ध्यानात येत नाही: ऑक्टोबरच्या शेवटी इथे सूर्य मावळला की थंडी झोंबायला लागते, तुम्ही वरून जॅकेट चढवता आणि सगळी टेप त्याखाली गडप होते. म्हणून टेप जॅकेटवरही लावा, किंवा पोशाखच एक माप मोठा घेऊन आतून गरम कपडे घाला. मोठा घेतला तर खालची घडी शिवून टाका, पायात येता कामा नये. मुखवट्याच्या भोकांतून समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही, आणि गाडी येते बाजूनेच. त्याला कपाळपट्टी बांधा आणि चेहरा रंगवा. रंग दोन दिवस आधी हातावर थोडा लावून बघा. तलवार फोमची, वाकणारी असू द्या. मुलांच्या हातात खरं वाटेल असं खेळण्यातलं पिस्तूल या देशात कधीच देऊ नका, हॅलोविनला तर नाहीच. आणि मोठी मुलं रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स मागतील तेव्हा ठाम नाही म्हणा. चिठ्ठीशिवाय त्या विकणं इथे बेकायदा आहे, आणि त्यांनी डोळ्याच्या बुबुळाला इजा होते.

राजकन्येचा झगा घोट्याच्या वर आणा आणि खाली रोजचेच बूट, लेस घट्ट बांधून. पण झग्याच्या बाबतीत मला लांबीपेक्षा कापडाची जास्त धास्ती आहे. आपल्या प्रत्येक घरात फुलबाजी उडवताना आई ओरडते, 'नायलॉनचं घालू नकोस, सुती घाल, ओढणी बांध.' तोच नियम इथे जसाच्या तसा लागू होतो, फक्त जाळ दिसत नाही म्हणून आठवत नाही. पायरीवरच्या कोरलेल्या भोपळ्यात बरेच जण खरी मेणबत्ती लावतात, आणि ती पेटलेली असते साडेपाच वर्षांच्या मुलीच्या झग्याच्या घेराइतक्याच उंचीवर. जाळीचा, चमकीचा, घेरदार झगा त्यावरून गेला तर क्षणाचाही अवधी मिळत नाही. विकतचा घेत असाल तर लेबलवर आगरोधक लिहिलंय का ते बघा. जुन्या सिंथेटिक साडीचा घरी शिवणार असाल तर तो बेत सोडा. कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही, जागच्या जागी थांबून, जमिनीवर पडून लोळायचं, हे तिला शाळेत शिकवतील, तुम्ही घरीही एकदा करून घ्या. आणि तुमच्या स्वतःच्या पायरीवर सेलवर चालणारे दिवे लावा. दिवाळी लागून आली असेल आणि पणत्या मांडल्या असतील, तर त्या संध्याकाळपुरत्या उंचावर किंवा घरात घ्या. परक्या मुलांचे झगेही तुमच्या दारावरून जाणार आहेत.

आता तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी कित्येक वर्षं याच एका प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे. १९५८ पासूनच्या बातम्या त्यांनी एकेक करून तपासल्या. अनोळखी माणसाने हॅलोविनला वाटलेल्या खाऊमुळे एखादं मूल दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, असं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलेलं नाही. टाचणी-सुई सापडल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यातल्या कितीतरी मुलांनीच केलेल्या बनावाच्या निघाल्या.

मग ही भीती आली कुठून? १९७४ साली टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळ, आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोविनच्या रात्री कँडीतल्या सायनाइडने मेला. आधी संशय शेजाऱ्यापाजाऱ्यांवर गेला. तपासात निघालं की विम्याच्या पैशांसाठी त्याच्या सख्ख्या बापानेच ते विष दिलं होतं. त्या बापाच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी १९८४ मध्ये झाली. त्याआधी १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या परिसरात दुकानातल्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं, सात माणसं गेली, आणि महिन्याभरात हॅलोविन आला. त्या वर्षी देशभरातल्या आईबापांच्या पोटात गोळा उठला तो आजतागायत गेलेला नाही. तुमच्या ग्रुपवर येणारा मेसेज हा त्याच भीतीचा चाळीस वर्षांनंतरचा अवतार आहे. तो पुढे पाठवू नका.

तरीही पिशवी घरी आल्यावर टेबलावर ओता आणि उजेडात तपासा. त्याची कारणं वेगळी आहेत. वेष्टन फाटलेलं किंवा सुटं असेल ते टाकून द्या. चार वर्षांच्या आतलं कुणी घरात किंवा पाहुण्यांत असेल तर कडक गोळ्या, च्युइंगम, शेंगदाणे त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा, घशात अडकतात. गांजाच्या गमीजबद्दल (मऊ, चघळायच्या गोळ्यांबद्दल) ऐकलं असेल. न्यू जर्सीत २०२२ पासून प्रौढांना त्या दुकानात मिळतात. त्या महाग असतात, लोक त्या पोरांना मुद्दाम वाटत नाहीत, पण दिसायला साध्या गोळ्यांसारख्याच असतात. ओळखीचा नसलेला ब्रँड किंवा पाकिटावर टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) अशी अक्षरं दिसली तर बाजूला काढा. मुलाने काही भलतंच खाल्लं असं वाटलं तर विषबाधेसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, १-८००-२२२-१२२२. चोवीस तास चालते, तज्ज्ञ माणसं बोलतात, रागावत नाहीत. ग्लो स्टिक चावून आतलं पाणी तोंडात गेलं तरी इथेच फोन करतात. त्याने बहुधा तोंडाची जळजळ होते, तोंड पुसून पाणी पाजलं की भागतं. मूल झोपाळू किंवा बेशुद्ध होत असेल, श्वास अडकत असेल, तर मात्र थेट ९११ या आपत्कालीन क्रमांकावर.

तुमच्या घरात कँडीचा खरा प्रश्न आहे तो मुलीच्या अ‍ॅलर्जीचा, आणि पत्रात तुम्ही त्याला एकच ओळ दिलीत. अमेरिकेत पाकिटबंद खाण्यावर काजू-पिस्त्यासारख्या घटकांची नोंद कायद्याने करावी लागते. पण हॅलोविनला मिळतात त्या फन साइज म्हणजे बोटाएवढ्या कँड्या. मोठ्या पिशवीवर यादी असते, आतल्या एकेका तुकड्यावर बऱ्याचदा नसते. आणि त्याच नावाची छोटी कँडी वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या मशीनवर बनलेली असू शकते. म्हणजे 'ही तर आपण नेहमी आणतो' हा भरवसा इथे चालत नाही. नियम एकच: रस्त्यात एकही गोळी तोंडात जाणार नाही. निघण्यापूर्वी पोटभर जेवू घाला, म्हणजे हा नियम पाळणं सोपं जातं. घरी तिच्यासाठी आधीच आणलेल्या, यादी वाचलेल्या कँड्यांचा एक वाडगा तयार ठेवा आणि तिच्या पिशवीतली प्रत्येक शंकास्पद कँडी त्याच्याशी बदलून घ्या. यादी वाचता येत नसेल तर ती शंकास्पदच. एपिपेनची (अ‍ॅलर्जीच्या झटक्यात टोचायच्या इंजेक्शनची) जोडी तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत हवी, गाडीत किंवा घरी नको. टोचली की लगेच ९११, बरं वाटलं तरीही.

आणि एडिसन म्हणजे एडिसन. चार घरांपैकी एका घरात आपलंच माणूस दार उघडणार, दिवाळीच्या दिवसांत काजूकतलीचा तुकडा प्रेमाने हातावर ठेवणार आणि म्हणणार, 'खा गं बाळ, माझ्यासमोर खा.' आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी दिलेलं नाकारणं हा उद्धटपणा मानतात, आणि आजी शेजारी असेल तर तीच म्हणेल, 'नाही म्हणू नये, घे.' म्हणून सासूबाईंना शांतपणे बसवून सांगा की हे पथ्य नाही, जिवाचा प्रश्न आहे, आणि काजूला घसा सुजायला काही मिनिटं पुरतात. मुलीला दोन वाक्यं पाठ करून घ्या, मराठीत आणि इंग्रजीत: 'थँक्यू. मला काजू चालत नाही, मी घरी आईला विचारून खाईन.' लहान मुलं हे फार छान म्हणतात.

काही दारांत मोरपंखी रंगाने रंगवलेला भोपळा दिसेल. त्याचा अर्थ, या घरी खाण्याशिवाय दुसरं काहीतरी मिळेल: पेन्सिल, स्टिकर, साबणाचे फुगे. टेनेसी राज्यात २०१२ साली अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये ही कल्पना सुरू झाली आणि २०१४ पासून देशभर पसरली. तुम्हीही एक भोपळा रंगवून दारात ठेवा. दोन वाडगे ठेवायचे, एक कँडीचा, एक खेळण्यांचा. तुमच्या मुलीला त्या संध्याकाळी केवढा आधार वाटेल याची कल्पना करा.

दारादारांतल्या रीतीबद्दल थोडक्यात. ज्या घराचा बाहेरचा दिवा लागलेला आहे त्याच घरी जायचं. दिवा बंद म्हणजे ते लोक भाग घेत नाहीत, बेल वाजवायची नाही. उंबऱ्याच्या आत कधीही पाऊल टाकायचं नाही, आतून कितीही प्रेमाने बोलावलं तरी. लॉन तुडवत, मागच्या अंगणातून पलीकडे जायचं नाही. हे मुद्दे नुसत्या शिष्टाचाराचे नाहीत. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लुइझियानात, बॅटन रूजला, योशिहिरो हातोरी नावाचा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला होता. पोशाख घातलेला, यजमान घरातला मुलगा बरोबर. पत्ता चुकला, भलत्याच घराची बेल वाजवली. घरमालक बंदूक घेऊन बाहेर आला, 'थांब' म्हणून ओरडला. त्या मुलाला ते उमगलं नाही, तो हसत पुढे आला आणि गोळी लागून गेला. हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. या देशात बऱ्याच घरांत बंदुका असतात, आणि नव्याने आलेल्या मुलांना ही गोष्ट कुणी सांगत नाही. कुणी ओरडून थांबायला सांगितलं तर जागच्या जागी थांबायचं, रिकामे हात दिसू द्यायचे आणि आल्या वाटेने मागे फिरायचं. मोठ्याला हे जरूर शिकवा. तो आणखी तीन वर्षांनी एकटा फिरणारच आहे.

ह्यांना भीक मागितल्यासारखं वाटतं, तर त्यांना विचारा, लहानपणी संक्रांतीला बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारात तिळगूळ घ्यायला जाताना तसं वाटत होतं का. त्या दिवशी आपण ज्यांच्या घरी एरवी कधी जात नव्हतो त्यांच्याही घरी गेलो, त्यांची नावं कळली. नव्या देशात, नव्या वस्तीत, तुमच्या मुलांना शेजाऱ्यांचे चेहरे ओळखता येणं ही सुरक्षिततेच्या दृष्टीनेही मोठी गोष्ट आहे.

पाऊस जोराचा असेल तर हट्ट करू नका. २०१२ मध्ये सँडी वादळानंतर न्यू जर्सीत जागोजागी विजेच्या तारा लोंबत होत्या, तेव्हा राज्यपालांनी ट्रिक-ऑर-ट्रीटच ५ नोव्हेंबरला ढकललं होतं, आणि मुलांचं काही बिघडलं नाही. शाळा किंवा मंडळं मोकळ्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या सजवून मुलांना खाऊ वाटतात, तो पर्याय हाताशी ठेवा. धाकटी सांगाडे आणि भुतं बघून रडायला लागली तरी तिथेच थांबा, तिला 'भित्री' म्हणून पुढे ढकलू नका.

सासूबाईंना दारात बसवा. शाल, खुर्ची, दोन वाडगे आणि 'हॅपी हॅलोविन' एवढे दोन शब्द. येणारी पोरं बघून त्यांची संध्याकाळ मजेत जाईल, आणि पहिल्या गल्लीपर्यंत त्या तुमच्याबरोबर चालल्या तर छानच.

राहता राहिले तुमचे यजमान. मोठ्याच्या टोळीमागे दहा पावलांवर चालणारा बाप तेच. ३१ तारखेला सहा वाजता ते ऑफिसातून गाडी चालवत घराकडे येत असतील, तर त्या धोक्याच्या तासातली एक गाडी त्यांचीच असेल. त्यांना सांगा, त्या दिवशी दुपारीच निघा, चारपर्यंत घरी या. नाहीच जमलं तर वस्तीत शिरल्यापासून ताशी दहा-पंधरा मैलांच्या वर जायचं नाही, फोन मागच्या सीटवर टाकायचा, आणि ड्राइव्हवेत गाडी घेण्यापूर्वी काच खाली करून बाहेर बघायचं. आणि तसं झालं तर मोठ्याच्या मित्रांपैकी कुणाचा बाप मागे चालायला तयार आहे, ते आठवडाभर आधीच विचारून ठेवा.

तुमची ताई